पहार ठेवा बाजूला, आधी मायक्रोमीटर काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबांनी कधीकाळी मिलिटरीच्या लिलावातून आणलेला पेट्रोल जनरेटर कागलच्या अलीकडं, गुऱ्हाळाच्या शेडमध्ये वीस-बावीस वर्षं उभा आहे. इंजिन चार सिलिंडरचं, हँडल मारलं तर तसूभरही हलत नाही. प्लेटवर १२०/२४० व्होल्ट, ६० सायकल (म्हणजे हर्ट्झ), १८०० आरपीएम, १० किलोवॅट असं लिहिलंय. एक मेस्त्री म्हणतो ट्रॅक्टरनं ओढून फिरवू. दुसरा म्हणतो सरळ कोल्हापूरच्या उद्यमनगरात टाका, बोअर करून (सिलिंडरचं भोक कापून मोठं करून), क्रँक म्हणजे मुख्य दांडा घासून, सगळं नवं करून घेऊ. आणि चालू झालाच तर मळ्यातल्या मोटारीला लावता येईल का, हे तुम्हाला विचारायचंय.

पहिल्या मेस्त्रीचं ऐकू नका. दुसऱ्याचं तर त्याहून ऐकू नका.

दुसऱ्याबद्दल आधी बोलतो, कारण पहिल्याचा धोका तुम्हालाही दिसतोय, म्हणून तर विचारलंत. कोल्हापुरात कारखानदारीचा पाया घालणाऱ्या म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्या पिढीपासून या गावात लोखंडाला हात लावायची भीती कुणाला राहिली नाही. गुऱ्हाळाचं आणि पाण्याचं ऑईल इंजिन इथंच ओतायचं, इथंच घडवायचं. आज शिरोलीला, गोकुळ शिरगावला बीड ओतणारे आहेत, पिस्टन-बेअरिंगचे कारखाने आहेत, उद्यमनगरात बोअरिंगचं मशीन दोन गल्ल्यांत चार. काहीही बनवून मिळतं. जुन्या इंजिनाचा घात नेमका तिथंच होतो. दुसऱ्या गावात पार्ट मिळत नाही म्हणून माणूस जुना पार्ट जपतो. आपल्याकडं मिळतो म्हणून तो न मोजता भंगारात जातो.

मी स्वतः हे केलंय. दुकान नवीन होतं तेव्हा असाच एक चार्जिंग सेट (बॅटऱ्या चार्ज करायचा जनरेटर) आला. बोअरमध्ये गंज दिसला, मी ब्लॉक थेट मशीनवर चढवला. २० थाऊच्या ओव्हरसाईझमध्ये, म्हणजे बोअर मूळ मापापेक्षा तेवढा मोठा करून, भागलं असतं, पण दुकानात ४० चे पिस्टन पडून होते म्हणून ४० केला. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.) इंजिन झकास चाललं. दहा वर्षांनी तोच सेट परत आला तेव्हा ब्लॉकमध्ये कापायला धातूच उरला नव्हता, स्लीव्ह म्हणजे आत नवी नळी घालायची पाळी आली. आमचे वस्ताद त्या वेळी एवढंच म्हणाले होते, "आरं, मोजलंस का आधी?" मी मोजलं नव्हतं.

आता तुमचं इंजिन. फोटोत हेड सपाट आहे, वर व्हॉल्व्हचं कव्हर नाही, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच. हे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन जीपमधल्या विलिस इंजिनाचंच घराणं वाटतं. खात्री करायला हेड काढल्यावर बोअर मोजा. ३ इंच १ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), म्हणजे सव्वाएकोणऐंशी मिलिमीटरच्या किंचित वर, आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, ४ इंच ३ सूत आला, तर तेच. १३४ घनइंच, २.२ लिटर. जीपमध्ये हे ४००० आरपीएमला ६० हॉर्सपॉवर द्यायचं, तुमच्या सेटवर ते १८०० वर निवांत फिरत होतं. म्हणून माझा अंदाज असा की झीज कमी आणि गंज जास्त निघेल. या दोन्हींचा इलाज वेगळा असतो, म्हणून मोजायचा आग्रह.

नशीब असं की महिंद्रांनी पुढं आपल्याकडं ज्या जीप काढल्या, त्यांतल्या जुन्या पेट्रोल इंजिनाचा बोअर-स्ट्रोक हाच होता. त्या इंजिनाचा इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेला, त्यामुळं हेड आणि व्हॉल्व्ह जुळणार नाहीत. पण रिंगा, बेअरिंग शेल असं खालच्या भागातलं पुष्कळ काही जुन्या जीपच्या सुट्या भागांच्या दुकानांत सापडतं. नमुना हातात घेऊन जा, नुसत्या नावावर आणू नका.

काम सुरू करण्याआधी दोन गोष्टी. मिलिटरीच्या सेटवर पांढऱ्या रंगात छापलेले आकडे, प्लेटा, वायरींवरचे बिल्ले असतात. सगळ्याचे फोटो काढा, प्लेटांवर पॉलिश पेपर मारू नका. आणि पॅनेलवरच्या मीटरचे आकडे पिवळट-तपकिरी जाड रंगाचे असतील तर त्यांची काच उघडू नका, रंग खरवडू नका. त्या काळच्या लष्करी मीटरमध्ये अंधारात दिसावं म्हणून रेडियमचा रंग वापरायचे. तो आज चमकत नाही, पण त्यातलं रेडियम तिथंच आहे, ते निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. मीटर आहे तसा बंद ठेवा, पोरांच्या हातात देऊ नका. सायलेन्सरच्या पाइपवर गुंडाळलेली राखाडी पट्टी ॲस्बेस्टॉसची असू शकते. ती काढायचीच झाली तर ओली करून, तोंडाला चांगला मास्क लावून काढा आणि पिशवीत बांधा. हवेचा पाइप मारून साफ करण्याची आपली सवय इथं अंगलट येते.

आता जाम सोडवण्याचं. चारही प्लग काढा आणि टॉर्च मारून आत बघा. त्याआधी खालचं ऑईल चेंबर सोडा. बहुतेक जण हे शेवटी करतात. चेंबरच्या तळाशी पाणी किती साठलंय, क्रँकवर गंज चढलाय का, हे कळल्याशिवाय वरून जोर लावायचा नाही. तळाशी पाण्याचा थर आणि वर काळं लोणी दिसलं तर घाबरू नका, एवढ्या वर्षांत ते निघतंच.

मग हेड. या इंजिनात हेड काढणं सोपं, पण स्टड गंजलेले असतात. नट एकदम न सोडता मधून कडेला नाही, तर कडेकडून मधे, थोडे थोडे ढिले करा. एखादा हलत नसेल तर नट तापवा, थंड होऊ द्या, पुन्हा तापवा. तुटलेला स्टड काढायला लागणारा एक दिवस वाचतो. हेड चिकटलं असेल तर फटीत छिन्नी घालू नका. त्या एका ओरखड्यातून पॅकिंग कायम गळत राहील. लाकडी ठोकळा ठेवून कडेनं टकटक करा, धीर धरा.

हेड निघालं की चारही बोअर, आठही व्हॉल्व्ह एका नजरेत येतात. साईड व्हॉल्व्ह इंजिनाचं हे सुख. तेव्हा असंही कळतं की पुष्कळदा पिस्टन जाम नसतोच, व्हॉल्व्हच गाईडमध्ये अडकलेला असतो. अशा वेळी ट्रॅक्टरनं ओढलं असतं तर काय झालं असतं बघा: वर उचललेला व्हॉल्व्ह तिथंच राहतो, त्याला खालून ढकलणारा टॅपेट खाली येतो, पुढच्या फेरीत कॅमवर नको तो मार बसतो. आणि पिस्टन खरंच गंजानं धरला असेल तर रिंगेच्या खाचेचा काठ तुटतो, नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकतो. तोवर ज्या इंजिनाला फक्त साफसफाई लागणार होती, त्याला आता क्रँकपासून सगळं लागतं.

बोअरमध्ये ओतायला निम्मं ॲसिटोन आणि निम्मं गिअरचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑईल. दोन्ही एकजीव होत नाहीत, दर वेळी हलवून ओता. ॲसिटोन पेट घेतं, गुऱ्हाळाच्या चुलवाणाजवळ हे काम करायचं नाही. ते नको असेल तर डिझेल आणि पातळ ऑईलही चालतं, फक्त दिवस जास्त लागतात. रोज थोडं घाला, आठ-पंधरा दिवस जाऊ द्या. एक युक्ती सांगतो जी मला जास्त कामाला आली: जॅकेटमध्ये, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत, गरम पाणी भरा. ब्लॉक हळूहळू फुगतो, पिस्टनभोवतीचं ऑईल गंजात शिरतं. थंड झालं की पुन्हा. असं दोन-तीन दिवस केल्यावर फ्लायव्हीलच्या दातांवर सळई लावून मागं-पुढं, मागं-पुढं एवढंच. केसाएवढं हललं तरी थांबा, पुन्हा ऑईल घाला. त्या दिवशी पूर्ण फेरी मारायचा मोह फार होतो. आवरा. चार-पाच फुटी पाइप लावून जोर केला तर हलेल, पण काय तुटून हललं ते तुम्हाला नंतर कळेल.

बाहेरच्या गंजलेल्या पार्टसाठी उपाय तुमच्या दारातच आहे. मळी. जनावरांच्या खाद्यासाठी मिळते ती, एक भाग मळी आणि नऊ-दहा भाग पाणी, प्लास्टिकच्या पिंपात. बिडाचे आणि लोखंडाचे पार्ट त्यात बुडवून दोन-तीन आठवडे विसरून जा. गंज सुटतो, चांगला धातू शाबूत राहतो, आकडे-खुणा झिजत नाहीत. वास मात्र भयंकर, घरापासून लांब ठेवा. ॲल्युमिनियमचे पार्ट, जस्ताचे ओतीव पार्ट आणि व्हाईट मेटलचं बेअरिंग त्यात घालायचं नाही, खाऊन टाकतं. कार्बोरेटर तर नाहीच.

आता मापं. प्रत्येक बोअर वर, मधे, खाली, आणि दोन दिशांना: एका बोअरची सहा मापं, चारांची चोवीस. वहीत लिहा. वरच्या-खालच्या मापात पाच थाऊपर्यंत फरक असेल तर मी बोअर करत नाही. आडव्या-तिरप्या रेघा उमटतील असं होनिंग आणि नव्या रिंगा, बास. दहाच्या पुढं गेलं तर बोअर करणं भाग आहे, पण कमीत कमी ओव्हरसाईझ निवडा, पिस्टन शोधायला महिना लागला तरी चालेल. मधे असेल तर सेट कशासाठी हवा त्यावर ठरवायचं. दसऱ्याला पूजा करून तासभर चालवायचा असेल तर सात थाऊवर इंजिन तुम्हाला पुरून उरेल. गंजाचे बारीक खड्डे रिंगेच्या फिरण्याच्या पट्ट्याखाली असतील तर त्यांच्याकडं दुर्लक्ष करा. क्रँकच्या जर्नलचंही, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाचंही, तेच: गुळगुळीत आणि गोल असेल तर कुणालाही घासू देऊ नका.

ब्लॉकला तडा आहे का, हे मात्र डोळे फोडून बघा. आपल्याकडं पाणी गोठत नाही, त्यामुळं इथल्या मेस्त्रीच्या मनात हे येत नाही. पण मिलिटरीचा सेट कुठल्या उंचीवर, कुठल्या थंडीत उभा राहून आलाय कुणास ठाऊक. जॅकेटमधलं पाणी गोठलं की बाहेरची भिंत आडवी फाटते. रंगाखाली जुनी पितळी किंवा वेल्डिंगची शिवण दिसली तर समजा कुणीतरी आधीच निस्तरलंय. तडा निघाला तर साध्या रॉडनं वेल्डिंग करू नका, बीड शेजारी पुन्हा फाटतं. निकेलचा रॉड, आधी तापवून, बोटभर टाका मारून हातोडीनं हलकं ठोकत, मग राखेत किंवा चुन्यात झाकून हळू थंड करायचं. नाहीतर पिनांची थंड शिवण. दोन्ही करणारे हात गावात आहेत.

जॅकेटचे वेल्श प्लग (भोकं बंद करणाऱ्या पत्र्याच्या टोप्या) काढून आतली माती खरवडा. पुढून पाणी सोडून मागून स्वच्छ आलं म्हणजे साफ झालं, असं नसतं. मागच्या सिलिंडरभोवती गाळ दगडासारखा बसलेला असतो.

व्हॉल्व्हना लॅपिंग (बैठकीवर पेस्टनं घासून बसवणं), टॅपेटचा गॅप जुन्या इंजिनाला १४ थाऊ, नंतरच्यांना १६, थंड इंजिनावर. ऑईल पंप काढाल तेव्हा जपून, कारण डिस्ट्रिब्यूटर त्याच ड्राइव्हवर आहे. पंप एक दात चुकला की टायमिंग गेलं आणि माणूस आठवडाभर कार्बोरेटरला शिव्या देत बसतो. पॉइंटचा गॅप २० थाऊ, प्लगचा ३०, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. कंडेन्सर दिसायला चांगला असला तरी नवा घाला. प्लगच्या वायरींवर धातूची जाळी असेल तर ती फेकू नका. वायरलेस सेटला खरखर ऐकू येऊ नये म्हणून ती बसवलेली असते, मिलिटरीच्या सेटची तीच तर ओळख.

पेट्रोलच्या बाजूला आजचा एक नवा त्रास आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच उसाचं असलं तरी ते जुन्या रबराला आणि पंपाच्या पडद्याला मानवत नाही. पडदा, नळ्या, सील सगळं इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं घाला. मिश्रण थोडं पातळ पडतं, मेन जेट किंचित मोठा लागू शकतो. आणि बंद करताना पेट्रोलचा कॉक फिरवून वाटी रिकामी होईपर्यंत इंजिन चालू द्या, नाहीतर पावसाळ्यात ते पाणी ओढतं आणि वाटीत हिरवा थर धरतो. जुन्या टाकीला भोक असेल तर ती रिकामी आहे म्हणून वेल्डिंगवाल्याकडं नेऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट.

पहिल्यांदा चालू करताना आधी प्लग काढून हँडलनं फिरवा, ऑईलचा काटा हलेपर्यंत. मगच प्लग. एक माणूस फक्त इग्निशनच्या बटणावर हात ठेवून उभा राहील, दुसरं काही करणार नाही. वेग धरून ठेवणाऱ्या गव्हर्नरची दांडी अडकली तर इंजिन क्षणात पळतं, आणि इंजिनापेक्षा आधी जनरेटरच्या आतली गुंडाळी बाहेर येते. गव्हर्नरच्या सगळ्या सांध्यांत बोटानं हलवून बघा, कुठंच अडलं नाही पाहिजे. धूर शेडच्या बाहेर गेला पाहिजे, हे गुऱ्हाळवाल्याला सांगायला नको, पण या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो आणि तो मारतो.

इंजिन सुटं चाललं म्हणजे अर्धं काम झालं. जनरेटरच्या बाजूचं दुखणं गंजाचं नाही, दमटपणाचं. कोल्हापूरचे वीस पावसाळे त्या गुंडाळीनं प्यायलेत. आधी वाळवा: खोक्यात किंवा ताडपत्रीखाली १०० वॅटचे दोन दिवे लावून चार-पाच दिवस. मग रेग्युलेटर आणि कंडेन्सर सुटे करून ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन तपासायच्या मीटरनं) बघा. दीड मेगओहमच्या खाली असेल तर अजून वाळवा, लगेच रिवाइंडिंगला देऊ नका. पहिल्या दिवशी शून्य दाखवणारी गुंडाळी आठव्या दिवशी पाच-दहा दाखवताना मी पाहिलीय. स्लिप रिंगला काचेचा कागद मारा, एमरीचा नको, त्याचे कण चिकटून राहतात. सगळं ठीक असून व्होल्टेजच आलं नाही तर बहुधा एवढ्या वर्षांत लोखंडातली उरलेली चुंबकशक्ती गेलीय. रेग्युलेटर सुटा करून फील्डला, म्हणजे चुंबक बनवणाऱ्या गुंडाळीला, १२ व्होल्टची बॅटरी क्षणभर लावा, प्लस-मायनस बघून. पुन्हा उठतं.

आणि आता मळ्यातली मोटार. नाही लावायची.

तुमचा सेट १८०० आरपीएमला ६० सायकल देतो. आपली मोटार ५० ची. ६० वर ती वीस टक्के जोरात फिरते, आणि पंपाचा भार वेगाच्या घनानं वाढतो, म्हणजे सुमारे १.७ पट. मोटार जळेल. मग सेट १५०० वर चालवू म्हणाल, तर ५० सायकल येतील, पण २४० चे २०० व्होल्टच राहतील. रेग्युलेटर पिळून ते २४० वर नेले तर लोखंड भरून जातं आणि फील्ड तापून काळी पडते. दिवे, चार्जर, हीटर यांना ६० सायकल चालतात, त्यांच्यासाठी १८०० वरच ठेवा. घराच्या लाईनला जोडायचा झाला तर चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाईन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) लागतोच. सॉकेटमध्ये उलटी वायर घालून वीज दिली तर ती खांबावर जाते आणि तिथं काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतते.

पैशाचंही ऐकून ठेवा. पूर्ण भाराला हे इंजिन तासाला पाच-सहा लिटर पेट्रोल पितं. लिटरला शंभराच्या वर भाव धरा आणि मळ्याला पाणी कितीला पडेल त्याचा हिशोब तुम्हीच करा. हा सेट आजोबांचा म्हणून जपायचा आहे, कमाईचा नाही. तसं मनाशी ठरलं की कुठं खर्च करायचा आणि कुठं हात आखडायचा हे आपोआप सुचतं. आजोबांकडची लिलावाची पावती सापडली तर ती लॅमिनेट करून ठेवा.

हेड उघडा, चोवीस मापं वहीत लिहा आणि ती वही घेऊन उद्यमनगरात या. ब्लॉक आणायची घाई नको. मापांशिवाय आलात तर चहा पाजून परत पाठवीन.